नवं शहर, सव्वादोन वर्षांचं मूल आणि न परवडणारं पाळणाघर: नोकरी शोधायची कशी?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही बी.कॉम., नांदेडच्या मोंढ्यात एका अडत्याकडे चार वर्षं हिशोब सांभाळलेत, टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर येतं. मिस्टरांना चाकणला कंपनीत काम लागलं म्हणून पुण्याजवळ मोशीला बिऱ्हाड केलं. मुलगा सव्वादोन वर्षांचा, इथे जवळचं कुणी नाही. बाणेरच्या एका ऑफिसात १८,००० ची नोकरी मिळतेय, पण दिवसभराचं पाळणाघर ११,००० सांगतं. नोकरी पक्की झाल्याशिवाय पाळणाघराचे पैसे भरायची हिंमत होत नाही, आणि मूल कुठे ठेवायचं ते ठरल्याशिवाय मुलाखतींना जाता येत नाही. ही नोकरी घ्यावी, की मुलगा शाळेत जाईपर्यंत थांबावं, असं तुम्ही विचारलंय.

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या छोट्या कंपन्यांना आणि सीए ऑफिसांना हिशोबाची माणसं मिळवून देणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम. त्यामुळे माणूस घेणारा नक्की काय बघतो ते मी खात्रीने सांगू शकते. मूल किती वर्षांचं झालं की पाळणाघरात घालावं, हा माझा प्रांत नाही. ते तुम्ही दोघांनी ठरवा.

आधी एक गोष्ट. नोकरी मिळत नाही अशी तुमची अडचण नाहीच, मिळतेय की! अडचण तासांची आहे. आठवड्यातले कुठले तास तुम्ही न चुकता देऊ शकता, याचं उत्तर आज तुमच्याकडे नाही, आणि ते नसताना तुम्ही जाहिराती बघताय. मग प्रत्येक जाहिरात एक तर अशक्य वाटते, नाहीतर 'बघू, होईल काहीतरी' म्हणून आपण हो म्हणून बसतो. या दुसऱ्या प्रकारातल्या बायका दोन-तीन महिन्यांत नोकरी सोडून परत माझ्याकडे येतात आणि त्यांना पुन्हा कुठे पाठवणं मला जड जातं.

बाणेरच्या नोकरीचा हिशोब मांडून बघू. १८,००० सांगितले म्हणजे हातात तेवढे येत नाहीत. पीएफ १५,००० वर कापला तर १,८०० गेले. ईएसआयसीचे, म्हणजे कामगार विम्याचे, पाऊण टक्क्याने १३५. महाराष्ट्रात बायकांना २५,००० पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही, तेवढी सुटका. हातात साधारण १६,०००. त्यातून पाळणाघराचे ११,००० गेले. मोशी ते बाणेर रोजचा बसप्रवास आणि अडल्यावेळची रिक्षा धरली तर अडीच हजार कुठे जात नाहीत. उरले अडीच हजार. पाळणाघराची प्रवेश फी यात धरलेली नाही. आता खरी गोम बघा: ऑफिस सुटणार साडेसहाला, पाळणाघर बंद होणार सातला. वाटेतल्या नाशिक फाट्याची संध्याकाळची कोंडी तुम्ही बघितली असेलच. म्हणजे ही नोकरी पैशाआधी घड्याळातच बसत नाही.

याच्यासमोर दुसरी मांडणी ठेवा. मोशी-भोसरी भागात अर्ध्या दिवसाचं हिशोबाचं काम आठ-दहा हजारांत मिळतं. नऊ धरू. सोसायटीतल्या एखाद्या काकूंकडे अर्धा दिवस ठेवायचे साडेचार हजार, शेअर रिक्षाचे हजारभर. उरले साडेतीन हजार. निम्मे तास देऊन हातात जास्त, आणि मूल आजारी पडलं तर तुम्ही वीस मिनिटांत घरी.

पूर्णवेळ नोकरी घेऊच नका, असं मी म्हणत नाही. पीएफ हे गेलेले पैसे नव्हेत, त्यात मालकाचीही भर पडते. ईएसआयसीमुळे मुलाचं आजारपण निघतं, हेही लहान गोष्ट नाही. जागा अशी असेल की दोन वर्षांत २५-२८ हजारांवर जाल, तर पहिलं वर्ष हातात काही न उरता काढण्यातही अर्थ आहे. पण ती वाढ दिसली पाहिजे. 'परफॉर्मन्स बघून वाढवू' याला मी वाढ म्हणत नाही. तिथे आधीपासून काम करणाऱ्या अकाउंटंटचा पगार आज किती आहे, ते शोधून काढा.

आणि हो, घरोघरी पाळणाघराचा खर्च आईच्याच पगारातून वजा होतो. 'सगळा पगार पाळणाघरातच जाणार, मग कशाला?' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, नसेल तर ऐकाल. मूल दोघांचं आहे, खर्चही दोघांच्या बेरजेतून जातो. फक्त अडीच हजारांसाठी बाणेर गाठायचं का, हा प्रश्न तरीही उरतोच.

आता तास कुठून काढायचे ते बघू. इथे बरंच काही परिस्थितीवर आहे.

मिस्टरांची शिफ्ट दर आठवड्याला बदलते असं तुम्ही लिहिलंय. फर्स्टला ते चारच्या सुमाराला घरी येणार, सेकंडला दुपारपर्यंत घरी, नाईटच्या आठवड्यात सकाळी येऊन झोपणार. म्हणजे रोज हमखास मोकळा असा एकही तास त्यांच्याकडे नाही. म्हणून त्यांना मुख्य व्यवस्था धरू नका, अडल्यावेळची धरा. नाईटचा आठवडा तर अजिबात मोजू नका. रात्रभर मशीनवर उभा राहून आलेला माणूस दोन वर्षांच्या पोराकडे लक्ष देऊ शकत नाही, हे कुणी कबूल करत नसलं तरी खरं आहे. ते कायम कामगार असतील तर सुपरवायझरशी बोलून एकच शिफ्ट लावून घेता येते का ते जरूर विचारा. भत्त्यासाठी नाईट मागून घेणारे सहकारी निघतात आणि अदलाबदल जमते. कंत्राटी असतील तर हा विषय सोडून द्या.

पाळणाघरांत दोन तऱ्हा. एक रंगीत भिंती आणि सीसीटीव्हीवालं, दुसरं कुणा काकूंच्या दोन खोल्यांतलं. तुमच्या बजेटात दुसरंच बसतं आणि त्यात काही कमीपणा नाही, फक्त चौकशी वेगळी करावी लागते. एकावेळी किती मुलं असतात आणि त्यातली रांगणारी किती? घरात आणखी कोण असतं? काकू स्वतः आजारी पडल्या तर? मे महिन्यात आणि दिवाळीत गावाला जातात का, आणि किती दिवस? हा शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही आणि नोकरी त्याच्यावरच जाते. न सांगता सकाळी अकराच्या सुमाराला एकदा जाऊन या. त्या वेळी मुलं खेळतायत की टीव्हीसमोर ओळीने बसवलीयत, ते दारातूनच कळतं. सुरुवातीला महिन्याचे पैसे न भरता दिवसाप्रमाणे ठेवाल का, असंही विचारा. बऱ्याच काकू तयार होतात. मुलाखतीचा पेच इथेच सुटतो: दोन-तीन मुलाखती एकाच दिवशी घ्या, तेवढ्या दिवसाचे पैसे द्या. पहिली फेरी फोनवर असेल तर मुलाच्या दुपारच्या झोपेची वेळ सांगा.

अंगणवाडी सगळ्यांसाठी खुली असते, पण तिथलं शिकवणं तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी आणि तेही सकाळचे थोडे तास. 'पाळणा' योजनेत मात्र काही अंगणवाड्यांना पाळणाघर जोडलेलं आहे, तिथे सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतची मुलं घेतात. अशा जागा मोजक्या आहेत. तुमच्या जवळच्या अंगणवाडीताईंना विचारलंत तर दोन मिनिटांत कळेल, ऑनलाइन शोधत बसू नका.

दुसऱ्या आईबरोबर आलटून-पालटून मुलं सांभाळणं हा उपाय सगळे सुचवतात. तो जमतो, पण मैत्रीच्या भरवशावर जमत नाही. वार ठरलेले हवेत, आजारी मूल पाठवायचं नाही हे आधीच बोललेलं हवं, आणि दोघींचं काम अर्धवेळ हवं. एकीची पूर्णवेळ नोकरी लागली की दुसरीचं फुकटचं पाळणाघर होतं.

आजीबद्दल. तुमच्या सासूबाई यायला तयार आहेत पण कायमच्या नाहीत, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. माझ्या मते तीच तुमच्या प्रश्नातली सगळ्यात मोलाची ओळ आहे. त्यांना आत्ता, तुम्ही नोकरी शोधत असताना बोलावू नका. पाळणाघर सुरू झाल्यावर बोलावा. पहिले दोन महिने मूल एकामागून एक सर्दी-तापाने आजारी पडतं, दहा मुलांत पहिल्यांदा गेलं की हे होणारच. नेमके तेच तुमचे नोकरीतले पहिले महिने असतात आणि रजा नसते. दुकाने व आस्थापना कायद्याने किरकोळ रजा वर्षाला ८, त्याही तिमाहीला दोन-दोन जमा होतात, आणि लहान ऑफिसांना तर ती तरतूद लागूही होत नाही. त्या दोन महिन्यांत घरात आजी असणं म्हणजे नोकरी टिकणं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे मध्ये एकदा नांदेडला जाऊन परत यायचं झालं तरी फार जड पडू नये.

'मूल शाळेत जाईपर्यंत थांबू का?' याचं उत्तर मी नाही असं देईन. महाराष्ट्रात त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत तीन पूर्ण होत असतील तर जूनमध्ये नर्सरीत प्रवेश मिळतो. पण नर्सरी म्हणजे तीन तास. त्यातही दिवाळीची सुट्टी, मे महिन्याची सुट्टी, आज फॅन्सी ड्रेस, उद्या पालकसभा. नर्सरी झाल्यावर मूल कुठे, हा प्रश्न तसाच राहतो, फक्त फी वाढते. थांबायचंच असेल तर वेगळ्या कारणासाठी थांबा.

आता काम. तुमच्या हातातलं कौशल्य या परिस्थितीला इतकं सोयीचं आहे की तुम्हाला त्याची कल्पना नसावी. रिसेप्शनला किंवा दुकानात रोज ठरलेल्या वेळी हजर राहावं लागतं. हिशोबाच्या कामाला मात्र महिन्याची भरती-ओहोटी असते. ७ तारखेला टीडीएस, म्हणजे पैसे देताना कापून घेतलेला कर, भरायचा. ११ ला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं विवरणपत्र. १४ ला २बी येतं, म्हणजे सप्लायरांनी दाखवलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी. १५ ला पीएफ-ईएसआयसी. २० ला ३बी, म्हणजे जीएसटी भरायचं महिन्याचं विवरणपत्र. यातले १४ ते २० हे दिवस छोट्या ऑफिसांत जीव खातात, कारण पार्टीने, म्हणजे ऑफिसच्या ग्राहकाने, दिलेली खरेदीची बिलं २बी शी ताडून बघायची असतात. कुणाचा जीएसटी नंबर चुकलेला, कुणी बिल पुढच्या महिन्यात टाकलेलं, कुणी टाकलेलंच नाही. मग त्या सप्लायरला फोन, त्याच्या अकाउंटंटचा व्हॉट्सअॅप, 'मॅडम, बघतो' आणि दोन दिवस शांतता. हे काम चिकाटीचं आहे आणि सीएंना स्वतः करायला आवडत नाही. मोंढ्यात हमाली, तोलाई, अडत, उचल सगळं रुपयाला जुळवून देणाऱ्या बाईला यात अवघड काही नाही.

म्हणून मोशी, भोसरी, इंद्रायणीनगर इथल्या सीए आणि टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसांत स्वतः जा. 'नोकरी आहे का?' असं विचारू नका, त्याला 'बायोडेटा ठेवून जा' हे उत्तर ठरलेलं आहे. विचारा, '१४ ते २० मध्ये जास्तीचा हात लागतो का? मी २बी मॅचिंग आणि टॅली एंट्री करते, सकाळी साडेनऊ ते दीड बसू शकते.' बहुतेक जण तिथल्या तिथे बिलांचा गठ्ठा किंवा बँकेचं स्टेटमेंट देऊन बघतात. ती तुमची परीक्षा. घाई करू नका, नोंद बरोबर कुठल्या लेजरला टाकता हेच बघतात. दोन महिने असं काम केलं की तेच स्वतःहून विचारतात, महिनाभर याल का?

भोसरी एमआयडीसीत चार-पाच मशीनची वर्कशॉप आहेत, त्यांना पूर्णवेळ अकाउंटंट परवडत नाही. जॉबवर्कची चलनं, ई-वे बिल, वसुलीचे फोन, एवढंच काम. मालक दुपारपर्यंत मशीनवर आणि संध्याकाळी हिशोबाच्या नावाने रडत असतो. आठवड्यातून तीन सकाळी अशी त्याची गरज असते. हौसिंग सोसायट्यांचंही तसंच: मेंटेनन्सची बिलं, पावत्या, बँक जुळवणी, ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा म्हणून त्याआधी ऑडिटची पळापळ. तुमच्याच सोसायटीच्या चेअरमनना आधी विचारा. पैसे कमी मिळतील, पण लॅपटॉपवर रात्री मूल झोपल्यावर होणारं काम आहे, आणि मोशीत एका सोसायटीचं काम नीट झालं की शेजारच्या दोन सोसायट्यांना कळायला वेळ लागत नाही.

शाळेत नोकरी केली की मुलाची सोय होते, असंही कुणीतरी सांगेल. काही शाळा फीत सवलत देतात हे खरं. पण पूर्वप्राथमिकचा पगार कमी, आणि आई त्याच वर्गात असेल तर पोर तिला सोडत नाही. शाळेच्या ऑफिसात अकाउंट्सची जागा असेल तर मात्र लगेच अर्ज करा. घरून डबे, पोळीभाजी हा मार्ग मी तुम्हाला सुचवणार नाही. दोन वर्षांचं मूल पायात घोटाळत असताना सकाळी सहाला चाळीस पोळ्या करणं हे 'घरबसल्या' काम नव्हे.

ज्या घरबसल्या कामात आधी नोंदणी फी, सॉफ्टवेअरचे पैसे किंवा डिपॉझिट मागतात ते काम नाहीच. डेटा एंट्री देऊन 'चुका झाल्या, आता दंड भरा नाहीतर केस करू' अशी वकिलाची नोटीस पाठवणारे असतात. घाबरून पैसे भरू नका, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. लहान मुलांच्या आयांना हेरूनच हे लोक जाहिराती टाकतात.

मुलाखतीत मुलाबद्दल सांगावं का? न सांगून उपयोग नाही, विचारतातच. विचारू नये, पण विचारतात. मालकाला मूल आहे याची धास्ती नसते. बाई सकाळी नऊला फोन करून 'आज येत नाही' म्हणेल, याची असते. त्यामुळे 'मी मॅनेज करेन' हे वाक्य तोंडातून काढू नका, ते ऐकलं की समोरचा सावध होतो. असं सांगा: 'मुलगा नऊ ते दोन पाळणाघरात असतो. आजारी पडला तर पहिले दोन महिने सासूबाई आहेत, नंतर मिस्टरांच्या सेकंड शिफ्टच्या आठवड्यात सकाळी ते घरी असतात. दोन्ही जमलं नाही तर मी त्या दिवशीचं काम रात्री घरून पुरं करून देईन.' एवढं बोललात की बहुतेक वेळा तो विषय तिथेच संपतो. बायोडेटात मधल्या काळाची एक सरळ ओळ लिहा, 'पुण्यात स्थलांतर व बालसंगोपन', आणि खाली मोंढ्याचं काम तपशिलात: किती पार्ट्या, कुठलं टॅली, जीएसटीचं काय काय करत होतात.

मोठ्या कंपनीत अर्ज केलात तर एक लक्षात असू द्या. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते, २०१७ च्या प्रसूती लाभ कायद्यातल्या दुरुस्तीपासून ही तरतूद आहे आणि सामाजिक सुरक्षा संहितेतही ती राहिलीय. आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटायची मुभाही आहे. प्रत्यक्षात कुठे वेगळी खोली असते, कुठे जवळच्या पाळणाघराशी करार असतो, कुठे नुसता कागद. पहिल्या फेरीत हा विषय काढू नका. ऑफर हातात आली की एचआरला लेखी विचारा.

बाणेरच्या ऑफिसाला तुम्ही अजून उत्तर दिलेलं नाही. थेट नकार देऊ नका. त्यांना आजच एवढा मेसेज टाका: 'ऑफरबद्दल आभार. काम आवडलं, पण साडेसहापर्यंत थांबणं मला शक्य नाही. आठवड्यातून दोन दिवस ऑफिस आणि बाकी घरून, किंवा रोज दहा ते दोन अर्धवेळ, यातलं काही जमेल का? त्याप्रमाणे पगार कमी धरला तरी चालेल.' दोन दिवस ऑफिस जमवतो म्हणाले तर फक्त त्या दोन दिवसांचा काकूंचा दर विचारून हिशोब पुन्हा मांडा, तेव्हा ही नोकरी परवडेलही. रोज दहा ते दोन म्हणाले तर मोशीहून जाण्यायेण्यातच तेवढे तास जातील, तिथे मी नाही म्हणेन. चार दिवसांत उत्तर आलं नाही तर वाट बघू नका, भोसरीच्या बाजूने सुरुवात करा. आणि महिन्याच्या २० नंतर जा. त्याआधी सीए तुमच्याकडे मान वर करूनही बघणार नाहीत.